जाळीची वात: कापसाचे काम धातूकडे

समईतील वात असो वा कंदिलाची पट्टी, तेल वर चढते ते धाग्यांमधल्या सूक्ष्म फटींतून, केशाकर्षणाने. हेच काम कापसाऐवजी पोलादी जाळीकडून करून घेण्याचा खटाटोप ई-सिगारेटच्या छोट्याशा इतिहासात काही वर्षे जोरात चालला. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत युरोप व अमेरिकेतील छांदिष्टांमध्ये स्वतःच्या हाताने बांधता येणारे अ‍ॅटोमायझर, म्हणजे द्रावाची वाफ करणारे भाग, लोकप्रिय झाले. त्यांपैकी ‘जेनेसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत जाळीची वात हाच मुख्य घटक होता.

या रचनेत द्रावाची टाकी खाली आणि तिच्यावर धातूची चकती असते. चकतीच्या छिद्रातून वात टाकीत उतरते आणि तिच्या वरच्या टोकाभोवती कॅन्थल या लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या तारेची चार-पाच वेटोळी घातलेली असतात. तारेचे खालचे टोक चकतीला, म्हणजे ऋण बाजूस आणि वरचे टोक धन खांबाला जोडले जाते. वातीसाठी बहुधा ४०० क्रमांकाची स्टेनलेस स्टीलची जाळी घेत. म्हणजे एका इंचात ४०० तारा आणि त्यांमधले भोक मिलिमीटरच्या सुमारे चार शतांश. जाळीचा छोटा तुकडा कापून त्याची विडीसारखी, पण मध्ये बारीक पोकळी राहील अशी, गुंडाळी केली जाई.

कापूस जळतो, जाळी जळत नाही. ती धुऊन, तापवून पुन्हा वापरता येते. हा तिचा मोठा गुण. परंतु कापूस विजेचा वाहक नाही आणि पोलाद मात्र आहे. विजेची तार थेट वाहकावर गुंडाळायची आणि वीज मात्र तारेतूनच जावी अशी अपेक्षा धरायची, हा या रचनेतील मूळ विरोधाभास होय. त्यावर उपाय म्हणजे जाळी ब्युटेनच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत पुनःपुन्हा तापविणे. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, जाळीचा रंग पिवळसर, तपकिरी, निळसर होत जातो आणि तिचा विद्युतरोध वाढतो. सारी मदार या थरावर. नखाएवढा ओरखडा त्याला पुरतो.

म्हणूनच बिघाडांपैकी बहुतेक एकाच ठिकाणी सापडत. सर्व वेटोळी सारखी तापण्याऐवजी एखादेच वेटोळे, बहुतांशी सर्वांत वरचे, पांढुरके लाल होई. याचा अर्थ तार तेथे जाळीला टेकली असून वीज जवळची वाट धरते आहे. हिशेब सोपा आहे. ०.२५ मिलिमीटर जाडीच्या पाच सेंटिमीटर कॅन्थल तारेचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो, ३.७ व्होल्टच्या घटावर त्यातून २.६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि दहा वॉटच्या आसपास उष्णता मिळते. पाचांपैकी दोन वेटोळी जाळीमुळे वगळली गेली, तर तीच शक्ती १६ वॉटवर जाते आणि तिचा सारा भार उरलेल्या तीन वेटोळ्यांवर पडतो.

अनुभवी हात अशा वेळी वात द्रावाने भिजवून बटण क्षणभरच दाबत, कोठे लाली उमटते ते पाहत आणि वीज बंद करून ते वेटोळे चिमट्याने किंचित सरकवत. आवळून गुंडाळलेली तार थर कापते, फार सैल असली तर वातीला उष्णता पोचत नाही. सुवर्णमध्य साधायला सवय लागते. धन खांबाकडे जाणारी तार वातीच्या वरच्या कडेला घासत नाही ना, हे आधी पाहावे लागे. कारण कापलेल्या जाळीची ती कड सुयांसारखी असते. रोधमापकावरील आकडा स्थिर न राहता उड्या मारत असेल, तर कोठेतरी स्पर्श आहेच.

दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात वीज ठीक, पण घशाला जळका चरका बसतो. गुंडाळी फार घट्ट झालेली असते, किंवा द्रावात घट्ट ग्लिसरीनचे प्रमाण अधिक असते. कित्येकदा छिद्रात वात इतकी चपखल बसलेली असते की टाकीत हवा शिरत नाही आणि द्राव वर येऊ शकत नाही. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतू पाहणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही. मात्र हा केवळ चवीचा प्रश्न नव्हे. वात ओली असेतो तापमान द्रावाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते. कोरडी पडली की ग्लिसरीनचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखे घातक पदार्थ तयार होतात.

याहून तातडीचा धोका घटाचा. त्या काळची अनेक उपकरणे म्हणजे धातूची नळी, घट आणि बटण एवढीच असत. प्रवाह रोखणारे कोणतेही मंडल त्यांत नसे. वरचे वेटोळे जाळीला आणि जाळी चकतीला टेकली की थेट शॉर्ट सर्किट, आणि लिथियम-आयन घट बंद नळीत तापला तर स्फोट होऊ शकतो. रोध मोजल्यावाचून घट न बसविण्याचा दंडक यातूनच आला.

पुढे कापसाच्या वाती सोप्या ठरल्या आणि जाळी मागे पडली. काही वर्षांनी ती परतली ती मात्र उलट भूमिकेत: आता जाळीची पट्टीच तापते आणि तिला द्राव पुरविण्याचे काम कापूस करतो. ऑक्साइडच्या थराची कटकट त्यात उरत नाही.

भारतात या साऱ्याला कायद्याने बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मधील वटहुकूम व त्याच वर्षीचा कायदा यांनी ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली असून, पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या बंदीत उपकरणाचे सुटे भागही येतात आणि साठा करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.