पाहुण्यांच्या गावातली बिऱ्हाडे

आमच्या नांदेडला आलेला यात्रेकरू उपाशी परतत नाही. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात त्याला पंगत मिळते, यात्री निवासात पाठ टेकायला जागा मिळते. पण त्याला स्थानकावरून आणणारा रिक्षावाला, लॉजच्या चादरी धुणारी बाई, हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा, ही मंडळी रात्री कुठे निजतात? हा प्रश्न मला पडला तो हजेरीपटामुळे. एका विद्यार्थ्याचा पत्ता एकाच वर्षात मला तीनदा खोडावा लागला. आई लॉजवर कामाला. मालकाने भाडे वाढवले की बिऱ्हाड हलायचे.

गावाचा पाहुणचार जुना आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी येथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी येथे गुरुद्वारा बांधवला. २००८ साली त्या गुरुपदाला तीनशे वर्षे झाली, तेव्हा लाखो भाविक लोटले. त्याआधीच, २००५ साली सुरू झालेल्या नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेड हे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीला जाऊन बसले होते. रस्ते रुंदावले, गाव उजळले.

न्यायाने बोलायचे तर त्या अभियानात गरिबांच्या घरांसाठीही पैसा होता. लाभार्थ्याने दहा-बारा टक्के भरायचे, बाकीचे सरकारने. कित्येक झोपड्यांच्या जागी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. पण घर मिळायचे ते झोपडी ज्याची त्याला. तिच्याच पडवीत भाड्याने राहणाऱ्याचे काय? त्याच्यापाशी दाखवायला कागदच नव्हता.

कायद्याने त्याचा विचार केला नव्हता, असे मात्र नाही. मराठवाड्यात पूर्वी भाड्यासाठी १९५४ चा हैदराबादी कायदा चाले. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला. त्याचे ५५ वे कलम सांगते की, भाडेकरार लेखी असावा, नोंदलेला असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानावे. केवढे चांगले कलम! पण पत्र्याच्या खोलीचा करार नोंदवतो कोण? आणि तो मागणाऱ्याची खोली दुसऱ्या दिवशी राहील काय?

२०२० साली केंद्र सरकारने कामकऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. म्हणजे दुखणे दिल्लीलाही कळले. माझे मागणे त्याहून लहान आहे. नवे लॉज बांधताना गावाने राबणाऱ्यांच्याही चार खोल्या मोजाव्यात, आणि भाड्याची पावती द्यावी. पाहुण्याला आसरा देणे हा धर्म आहे. पाहुणचार करणाऱ्याला आसरा देणे हाही त्याच धर्माचा भाग नव्हे काय?

दिवाळीच्या सुटीपूर्वी मी त्या मुलाला नवा पत्ता विचारला. त्याने सांगितला आणि जरा घुटमळून म्हणाला, "गुरुजी, पेन्सिलीनं लिहा."