असाध्य मानलेले एक दुखणे

इजिप्तमध्ये मिळालेला, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शस्त्रवैद्यकाचा एक पपायरस एडविन स्मिथ या संग्राहकाच्या नावाने ओळखला जातो. मानेचा मणका निखळल्याने हातापायांचे भान हरपलेला, नकळत लघवी होणारा रोगी त्यात अचूक वर्णिला आहे; आणि पुढे वैद्याला बजावले आहे की, हे दुखणे उपचाराचे नव्हे. त्या वैद्याला आम्ही दोष देत नाही. नवल वाटते ते याचे, की हा निकाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तसाच राहिला.

मज्जारज्जू म्हणजे कण्याच्या पोकळीतून जाणारी मज्जातंतूंची जुडी. मेंदूची आज्ञा तिच्यातून खाली जाते, अंगाची खबर वर येते. ती तुटली वा चेंगरली की त्या जागेखालचे चलनवलन आणि संवेदना जातात. पण अशा आघाताने सगळेच काही तत्काळ मरत नसत. पुष्कळ जण मरत ते काही आठवड्यांनी, आणि मुख्यतः दोन कारणांनी. एकाच अंगावर पडून राहिले की भाराने कातडीतले रक्त थांबते. तुम्हाआम्हाला रग लागते, झोपेतही आपण कूस बदलतो. या रोग्याला रगच कळत नाही. कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते आणि चिघळते. दुसरे कारण मूत्राशय. ते नीट रिकामे होत नाही, तुंबलेल्या मूत्रात जंतू वाढतात आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचतात. म्हणजे माणूस मरे तो हेळसांडीने, आणि हेळसांड होई ती तो मरणारच या समजुतीने!

१९१७ साली सायलेशियातील एका इस्पितळात लुडविग गुटमान हा तरुण स्वयंसेवक म्हणून राबत होता. पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे आणला गेला. त्याची टिपणे लिहू लागताच गुटमानला सांगण्यात आले, की कष्ट घेऊ नकोस, हा थोड्याच दिवसांचा सोबती. पाचएक आठवड्यांत तो गेलाही. पुढे डॉ. गुटमान ब्रेस्लाऊत नामांकित झाले. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये त्यांना इंग्लंड गाठावे लागले. फेब्रुवारी १९४४ मध्ये, युरोपवरील चढाईची तयारी चालू असताना, स्टोक मँडव्हिल येथील जायबंदी सैनिकांचा विभाग त्यांच्या हवाली झाला.

त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. प्लास्टरचे साचे काढून टाकले. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येकाची कूस बदलवली. कूस खरोखर बदलली की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री फेरी मारीत. मूत्राशयाची निगा काटेकोर ठेवली. (पेनिसिलिन त्याच सुमारास हाती आले होते, हे श्रेय वाटताना विसरू नये.) मग रोग्यांना बसते केले, सुतारकाम आणि घड्याळदुरुस्ती शिकवली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत असताना, येथे चाकाच्या खुर्चीवरील सोळा जणांनी धनुर्विद्येचा सामना खेळला. त्यातूनच १९६० ची रोमची स्पर्धा, आणि आजचे पॅरालिंपिक.

या कथेचा एक धागा आपल्या सांगली जिल्ह्यात येतो. मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले.

सैनिकाला निदान पलटणीचा आधार असतो. आंब्याच्या वा माडाच्या झाडावरून पडलेल्या गड्याचे काय? चार माणसे धावतात, काखेत हात घालून त्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात, रिक्षात दुमडून घालतात. माया खरी असते. पण मोडलेला मणका अशाने सरकतो आणि शाबूत उरलेला रज्जूही चेंगरतो. मान व पाठ एका रेषेत धरून, फळीवर उताणे निजवून न्यावे, एवढे प्रत्येक आळीत ठाऊक हवे.

आणि तो वाचून घरी आला, तर? उंबरा आहे, अरुंद न्हाणीघर आहे. सार्वजनिक इमारतींत अपंगांना वाट हवी, असा २०१६ चा कायदा आहे. आज या सभागृहात येताना आम्ही पायऱ्या मोजल्या. अकरा भरल्या. बाजूला उतार कोठे दिसला नाही.