डोंबिवलीच्या स्टेशनावरची संख्या

आधी एक आकडा ऐका. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांचा. एकापासून नऊपर्यंत पायऱ्या चढायच्या आणि तशाच उतरायच्या. उलटा वाचा, सुलटा वाचा, सारखाच. एखाद्या शब्दवेड्या कवीची ही करामत वाटेल. पण हा साधा गुणाकार आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करत करत नऊ एके मांडून त्यांचा वर्ग केला की हा मनोरा पुरा होतो. दहावा एक जोडला की हातचा येतो आणि सगळा डौल मोडतो.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो हा कुणी युरोपीय पंडित नव्हे. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात आजच्या डोंबिवली स्टेशनचे ते नाव. कल्पना तिथे सुचली म्हणून दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी स्टेशनचेच नाव संख्येला दिले. आम्ही कवी मंडळी कवितेखाली गावाचे नाव टाकतो, तसेच हे.

कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नेमका भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. वरच्या मनोऱ्याच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा, बाकी उरत नाही. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. त्यातला आठ कुठे गेला, हे कोडे मला फार आवडते.

पण देशातल्या अनेक गणितज्ञांनी हे सारे क्षुल्लक ठरवले. पदवी नसलेल्याच्या आनंदाला आपल्याकडे करमणूक म्हणतात. लातूर पॅटर्नच्या या गावात, जिथे मार्कांशिवाय आकड्याला किंमत नाही, हे मला जास्तच टोचते. शेवटी मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, कापरेकर गेले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ चा, आणि तो निव्वळ वजाबाकीचा. (वजा आणि बाकी, हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीच्या घरी आलेले.) चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा. ६१७४ येतोच, आणि तिथेच थांबतो.

आम्हा लातूरकरांच्या तोंडी असलेला आकडा १९९३. भूकंपाशी गणिताचा काही संबंध नाही, पण सहज करून पाहिला. ९९३१ वजा १३९९, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोनच वजाबाक्या. १९४९ ला मात्र पुऱ्या सात लागतात.