गुडघ्याच्या बहु-अस्थिबंध दुखापती : स्थैर्य आणि हालचाल यांतील द्वंद्वाचा इतिहास

गुडघ्याचे स्थैर्य मुख्यतः चार अस्थिबंधांवर, म्हणजेच लिगामेंटांवर अवलंबून असते : सांध्याच्या आत फुलीप्रमाणे एकमेकांना छेदणारे पुढील व मागील क्रूशिएट आणि दोन्ही बाजूंचे पार्श्व अस्थिबंध. यांपैकी दोन वा अधिक एकाच वेळी तुटल्यास ती बहु-अस्थिबंध दुखापत होय. शस्त्रक्रियेनंतर सांधा किती काळ निश्चल ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर कसे पालटत गेले याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी दीर्घ व अखंड विश्रांती हाच सांध्याच्या विकारांवरील मुख्य उपचार मानला. १८९५ साली लीड्सचे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे दोन्ही क्रूशिएट टाके घालून जोडले. सहा वर्षांनंतर तो न लंगडता चालत होता. १९१७ मध्ये ब्रिस्टलचे हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरील बाजूच्या तंतुपटलाची पट्टी वापरून पुढील क्रूशिएटची पुनर्रचना केली. पुढे स्वीडनचे पामर (१९३८) आणि अमेरिकेचे ओ'डोनह्यू (१९५०) यांनी ताज्या दुखापतीवर त्वरित शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. मात्र शस्त्रक्रियेनंतर पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्येच राही. अस्थिबंध जुळला तरी सांधा आखडे व स्नायू क्षीण होत.

१९७० नंतर टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखविले की, मंद व सतत हालचालीने कूर्चा अधिक चांगली भरून येते. १९९० मध्ये शेलबोर्न व निट्झ यांनी त्वरित पुनर्वसनाची पद्धती मांडली. तिचे मूळ लक्षणीय आहे : सूचना न पाळता लवकर हालचाल करणाऱ्या रुग्णांचे गुडघे आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले सुधारल्याचे त्यांना आढळले होते.

तथापि हा धडा एकट्या पुढील क्रूशिएटच्या शस्त्रक्रियेतून मिळालेला होता; तो बहु-अस्थिबंध दुखापतीस जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे घाईने जोडणी सैल पडते आणि विलंबाने सांधा ताठरतो. म्हणून प्रथम गुडघ्यामागील रोहिणीची तपासणी, नंतर शस्त्रक्रिया आणि पुढे आधारपट्ट्यासह मर्यादित वाकवणे व टप्प्याटप्प्याने भार देणे, असा क्रम सामान्यतः अवलंबिला जातो.

सारांश, या इतिहासात विश्रांतीचा पराभव वा हालचालीचा निर्णायक विजय झालेला नाही. शल्यविशारदाइतकेच भौतिकोपचारतज्ज्ञ व स्वतः रुग्ण हेही उपचाराचे कर्ते आहेत, ही जाणीव मात्र दृढ झाली आहे.