सोनखत कुणाचं, जंत कुणाचे?

माझी आजी दोंडाईच्याजवळ एका मळ्यात निंदायला जायची. मळ्याला पाणी गटाराच्या नाल्याचं, इंजिन लावून उपसलेलं. मेथीच्या वाफ्यात ती दिवसभर अनवाणी. मालक म्हणायचा, ‘पानी घान शे, पन पीक सोनानं येस.’ खोटं नव्हतं ते. मैल्यात नत्र असतं, स्फुरद असतं. पीक तरारतंच. पण आजी पांढरीफटक पडलेली, चार पावलं चालली की धापा टाकायची. आम्ही म्हणायचो, गरिबीचा आजार.

मित्रांनो, ही गोष्ट जुनी आहे. इंग्रज सरकारनं बोलावलेल्या डॉ. व्होएल्करनं हिंदी शेतीवरच्या आपल्या 1893 च्या अहवालात पुण्याचा दाखला दिलाय. तिथं मैल्यात राख मिसळून खत व्हायचं. शेतकरी आधी ते घेईनात. उसाला गुण दिसला आणि मागणी वाढली. मराठीत अशा खताचं नाव सोनखत. नाव सोन्याचं, पण टोपलं डोक्यावर वाहणारा मेहतर अस्पृश्यच राहिला. खताचा विटाळ फिटला, माणसाचा नाही.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. आमच्या ओंजळीनं तळं बाटलं म्हणून डोकी फोडली गेली. चांगल्या पाण्याला आमचा हात नको, घाण पाण्यात मात्र आमचेच हातपाय हवेत. दोन्ही नियम एकाच पोथीतले.

आता आजीच्या आजाराकडे येतो. 1973 साली नागपूरच्या संशोधकांनी मैलापाण्याच्या शेतीवरचे मजूर तपासले. इतर शेतमजुरांपेक्षा त्यांच्या पोटात जंत फार जास्त निघाले. त्यातला अंकुशकृमी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्यात बसून रक्त पितो. 1989 साली जागतिक आरोग्य संघटनेनं मर्यादा घातली: लिटरभर पाण्यात जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नको. ही मर्यादा खाणाऱ्याइतकीच राबणाऱ्यासाठीही होती. आजीला हे कोण सांगणार?

आज सांडपाण्याला भाव आलाय. पुण्यात मुंढव्याहून प्रक्रिया केलेलं पाणी उपसून जुन्या कालव्यानं हवेली-दौंडच्या शेतांकडे सोडतात. खानदेशासारख्या कोरड्या मुलखाला हे पाणी हवंच. मी पाण्याच्या विरोधात नाही. पण कालव्याचं पाणी जमीनवाल्याच्या बांधावर जाऊन थांबतं. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरवला. भूमिहीनालाही हक्क दिला. म्हणजे हे होऊ शकतं.

तेव्हा आपल्या गावचं मैलापाणी शेतात निघालं की तीन गोष्टी विचारा. पाणी शुद्ध केलं का? जंताची अंडी मोजली का? वाफ्यात उतरणाऱ्या बाईच्या पायात बूट आहेत का? आणि चौथी, सगळ्यात मोठ्यानं: ह्या पाण्यात तिचा वाटा किती?

आजी गेली. तिच्या टाचांच्या भेगांत शेवटपर्यंत तो काळा चिखल होता.