पाचशे डॉलरचा संगणक

एखादे यंत्र बनवायचे झाले, तर आधी काय ठरवावे? त्याला काय काय करता आले पाहिजे हे, की ते केवढ्याला विकायचे हे? घरगुती संगणकाच्या इतिहासात या प्रश्नावरून खरोखरच भांडण झाले. ते १९७९ साली, अमेरिकेतल्या ॲपल कंपनीत.

कंपनीचा ‘ॲपल टू’ हा संगणक तेव्हा चांगला खपत होता. पण तो घ्यायचा म्हणजे पडदा वेगळा, डिस्क ड्राइव्ह वेगळी, आतल्या खाचांत बसवायची कार्डे वेगळी. जेफ रास्किन यांना हे पसंत नव्हते. पूर्वी विद्यापीठात शिकवणारे रास्किन ॲपलमध्ये माहितीपुस्तिकांचे काम पाहत. (ज्याला यंत्र दुसऱ्याला समजावून सांगावे लागते, त्याला त्यातल्या अडचणी सगळ्यांच्या आधी दिसतात. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नकोच!) त्यांच्या मनातला संगणक सगळा एकाच पेटीत मावणारा होता. तो सामान्य माणसाला सहज वापरता यावा आणि त्याची किंमत असावी ५०० डॉलर. आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीचे नाव, स्पेलिंग थोडे बदलून, त्यांनी या योजनेला दिले : मॅकिंटॉश.

कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांचे म्हणणे पडले की किमतीची चिंता नको, संगणकाला काय काय यायला हवे ते आधी सांगा. रास्किन यांनी उपहासाने उत्तर लिहिले. नुसत्या गुणांची यादी करत बसलो, तर कुणालाच न परवडणारे यंत्र तयार होईल. किंमत आणि गुण यांचा विचार एकत्रच करायला हवा, असा त्याचा आशय होता.

हे म्हणणे किती खरे होते, ते साध्या हिशोबाने पाहू. ॲपल टूच्या पडद्यावर अक्षरांच्या २४ ओळी आणि ओळीत ४० अक्षरे मावत. एका अक्षराला एक बाइट धरला, तर ९६० बाइट मेमरीत सगळा पडदा साठवता येई. मॅकिंटॉशच्या पडद्यावर मात्र अक्षरेसुद्धा चित्रांसारखी, ठिपक्याठिपक्यांनी काढायची होती. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे लक्षात ठेवायला एक बिट लागतो. पहिल्या नमुन्यात २५६ × २५६ ठिपके होते. म्हणजे ६५,५३६ बिट, अर्थात ८,१९२ बाइट. त्या नमुन्याची एकूण मेमरी ६४ किलोबाइट, तिचा आठवा भाग नुसत्या पडद्यालाच लागला. पुढे बाजारात आलेल्या मॅकिंटॉशमध्ये ५१२ × ३४२ ठिपके होते. त्यांना किती बाइट लागतील, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. उत्तर २१,८८८ येते.

मग मेमरी वाढवणे आलेच. पण पहिल्या नमुन्यातल्या मोटोरोला ६८०९ या स्वस्त प्रोसेसरला पत्त्याच्या १६ तारा होत्या. सोळा तारांनी २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ इतकेच वेगवेगळे पत्ते सांगता येतात. त्यापलीकडची मेमरी त्याला थेट दिसतच नाही. नंतर निवडलेल्या ६८००० या महाग प्रोसेसरला दीड कोटीहून अधिक पत्ते सांगता येत. या मुद्द्यावर रास्किन यांचा अंदाज तोकडा पडला असे आम्हाला वाटते. त्यांचे यंत्र स्वस्त झाले असते, पण काही वर्षांतच त्याची वाढ खुंटली असती.

१९८१ मध्ये योजनेची सूत्रे जॉब्ज यांनी घेतली आणि १९८२ मध्ये रास्किन कंपनी सोडून गेले. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश जाहीर झाला तो २,४९५ डॉलरला. बनवणाऱ्या चमूची अपेक्षा १,९९५ ची होती. वरचे ५०० डॉलर चढले ते जाहिरातीचा मोठा खर्च भरून काढण्यासाठी. म्हणजे रास्किन यांनी अख्ख्या संगणकाची जेवढी किंमत योजली होती, तेवढी नुसती ही वाढच! शिवाय १२८ किलोबाइट मेमरी लवकरच अपुरी वाटू लागली, आणि पेटी बंद असल्यामुळे ग्राहकाला ती स्वतः वाढवताही येईना. त्याच वर्षी कंपनीला ५१२ किलोबाइटचा मॅकिंटॉश काढावा लागला. ज्याच्यासाठी हे यंत्र कल्पिले होते, त्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच ते राहिले.

१९९० साली मॅकिंटॉश क्लासिक ९९९ डॉलरला आला. पुढे १९९८ मध्ये, जॉब्ज कंपनीबाहेर जाऊन परत आल्यावर, आयमॅक निघाला. निळसर पारदर्शक पेटी, आतच पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकलेली, आणि किंमत १,२९९ डॉलर. हा आकडा मोठा दिसतो खरा, पण मधल्या १९ वर्षांतली महागाई वजा केली, तर १९७९ च्या भावाने तो साधारण ५८० डॉलर भरतो. मेमरी ३२ मेगाबाइट, पहिल्या मॅकिंटॉशच्या २५६ पट. मेमरीच्या चिपा इतक्या स्वस्त झाल्या नसत्या, तर नुसत्या कल्पक रचनेने हे साधले नसते.

आकड्याने खरोखरच पाचशेच्या आत आलेला संगणक जानेवारी २००५ मध्ये जाहीर झाला. तो म्हणजे ४९९ डॉलरचा मॅक मिनी. त्याच्याबरोबर पडदा मिळत नसे, कीबोर्ड नाही आणि माउसही नाही. ते ज्याने त्याने आपापले जोडून घ्यायचे. रास्किन यांचे निधन पुढच्याच महिन्यात झाले.