फटफटीची घडणावळ

जळगावात वाढलेल्या माणसाला जगातली कुठलीही किंमत तोळ्यात मोजायची खोड असते. आमच्याकडची केळी प्रसिद्ध, वांग्याचं भरीत प्रसिद्ध, मे महिन्यातलं ऊन तर फारच प्रसिद्ध. पण या सगळ्यांच्या वर सोनं. परगावची मंडळी लग्नाचे दागिने घडवायला मुद्दाम जळगावला येतात आणि जाताना भरीत-पुरी खाऊन जातात. त्यामुळे कुणी प्लॉट घेतला, मोटार घेतली किंवा मुलाला इंजिनियरिंगला घातलं, की अस्सल जळगावकर तोंडानं अभिनंदन करतो आणि मनात भागाकार करतो : एवढ्यात किती तोळे आले असते?

म्हणूनच आमच्या नात्यातला एक तरुण जेव्हा मला म्हणाला, "काका, ही लिमिटेड एडिशन मोटरसायकल आहे. नव्या कितीही येऊ देत, हिची किंमत उतरायची नाही. सोन्यासारखी चढेल," तेव्हा मला राहवेना. सोन्याची उपमा जळगावकरासमोर द्यायची म्हणजे वारकऱ्याला पंढरपूरचा रस्ता सांगण्यासारखं. त्यातून आमची आक्का दिली आहे धुळ्याला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरं गोळा केली, ते शेवटी धुळ्यातच १९२६ साली वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आजही उभं आहे. जी कागदपत्रं घरोघर रद्दी म्हणून माळ्यावर पडली होती, त्यांच्यावर पुढं महाराष्ट्राचा इतिहास लिहिला गेला. अशा गावाशी सोयरीक असल्यावर फटफटीचं थोडं संशोधन करायला काय हरकत आहे?

तर पहिलं कलम असं, की आमच्या तरुणपणी 'लिमिटेड एडिशन' हा शब्द नव्हता. गरजच नव्हती. सगळंच लिमिटेड होतं. रॉकेल लिमिटेड, साखर लिमिटेड, टेलिफोन तर इतका लिमिटेड की ज्याच्या घरी तो असे त्याच्या दारात सगळी आळी येऊन बसे. १९७२ साली बजाजची चेतक आली. तिच्यासाठी नाव नोंदवून माणसं दहा-दहा वर्षं वाट पाहत. मुलाच्या मुंजीला नाव नोंदवलं, तर त्याच्या लग्नात स्कूटर मिळण्याचा संभव असे. परिणाम असा झाला, की वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. नवीची किंमत सरकारी कागदावर. जुनीची किंमत समोर उभी! जुन्या गाडीनं नव्या गाडीवर बाजारात मात करावी, हा चमत्कार या देशानं उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. पण त्यात जुनीचा पराक्रम काही नव्हता. नवी मिळत नव्हती एवढंच.

मोटरसायकली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मद्रासची बुलेट, १९५५ पासूनची. ती फौजदारानं किंवा केळीच्या बागाइतदारानं चालवावी असा संकेत होता. म्हैसूरची जावा १९६१ पासूनची; तीच पुढं येझ्दी झाली. हिचा किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. काटकसरी गृहिणीनं चिमट्यानंच पोळी उलटावी आणि पातेलंही उतरवावं, तसं. आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, मूळ पोलंडची. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवले की ती पूर्ण झाल्यासारखी वाटे. नवऱ्यामुलाकडे यातली कुठली गाडी आहे, यावरून मुलीकडचे त्याचा स्वभाव ओळखत.

अशात १९८३ साली राजदूत ३५० आली. नाव राजदूत, पण आत्मा जपानी. यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर. परदेशात ती १९७३ सालीच निघाली होती आणि दोन-तीन वर्षांत मागंही पडली होती. आपल्याकडे दहा वर्षांनी उतरली आणि तरीही रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या पुढं होती, यावरून आपले रस्ते कुठल्या काळात होते ते कळावं. ती पळे वाऱ्यासारखी, आणि पेट्रोल पिई लग्नातल्या वऱ्हाड्यासारखं. मूळ जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे येताना तो गळाला आणि साधा ड्रम आला. म्हणजे पळण्याची सोय जपानी आणि थांबण्याची आपली. काही लोक तिला राजदूताऐवजी यमदूत म्हणत ते उगीच नव्हे.

ही गाडी आमच्या दाजींनी १९८५ साली घेतली. धुळ्यात तेव्हा ती घेणारे फारसे नव्हतेच. अर्धे पैसे पतपेढीचे. उरलेल्या अर्ध्यांसाठी आक्काच्या चार तोळ्यांच्या पाटल्या जळगावच्या सराफात मोडीला गेल्या. सोनं तेव्हा तोळ्याला दोन हजारांच्या आसपास. सराफानं तुकड्याचं वजन केलं, त्या दिवसाचा भाव लावला आणि पैसे मोजले. "आणि घडणावळ?" असं आक्कानं विचारलं. सराफ हसून म्हणाला, "ताई, घडणावळ परत मिळत नसते."

वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्या सगळ्या संशोधनाची किल्ली त्यात आहे.

दाजींचं नशीब असं, की त्याच सुमाराला शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. होंडा एका लिटरमध्ये धुळ्याहून जळगावच्या वेशीपर्यंत येई. दाजींची गाडी एका लिटरमध्ये पारोळ्याच्याही अलीकडे घसा कोरडा पडला म्हणून थांबे. दुर्मीळ गाडीची किंमत अशी काही घसरली, की १९९० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं तेव्हा कुणी हळहळलंसुद्धा नाही. भंगारवाला मात्र दारावरून जाताना तिच्याकडे प्रेमानं बघायचा.

पुढची हकीकत सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची आहे. म्हैसूरचा येझ्दीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याच साली आरएक्स १०० ही थांबली. पुढं धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक गाड्या निघायच्याच बंद झाल्या. आणि मग, ज्यांना तारुण्यात या गाड्या परवडल्या नव्हत्या ते लोक मोठे झाले, पुण्या-मुंबईत पगारदार झाले, केस विरळ झाले, आणि त्यांना त्या गाड्या आठवू लागल्या. त्यांनी शोध सुरू केला तेव्हा शंभरातल्या नव्वद भंगारात वितळून गेलेल्या. उरलेल्या दहांना भाव आला. आरएक्स १०० तर काही दुर्मीळ नव्हती, खेडोपाडी फिरत होती. पण आज चांगल्या स्थितीतल्या आरएक्ससाठी लोक तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजतात.

म्हणजे गाडी दुर्मीळ होते ती कारखान्यात नव्हे, भंगारात.

आता आमच्या तरुणाच्या 'लिमिटेड एडिशन'कडे येऊ. २०१८ साली रॉयल एनफिल्डनं पेगॅसस नावाची क्लासिक ५०० काढली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून खाली सोडायच्या 'फ्लाइंग फ्ली' या चिमुकल्या फटफटीची ती आठवण. जगात फक्त एक हजार गाड्या, त्यातल्या हिंदुस्थानासाठी अडीचशे. प्रत्येकीच्या टाकीवर अनुक्रमांक. फौजी गाडीचा फौजी हिरवा रंग मात्र आपल्याकडे खासगी माणसाला लावता येत नाही, म्हणून इथं फक्त तपकिरी. किंमत सुमारे अडीच लाख. विक्री इंटरनेटवर झाली आणि अडीचशेच्या अडीचशे गाड्या १७८ सेकंदांत खपल्या. एवढ्या वेळात मला पासबुक सापडत नाही.

पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची क्लासिक ३५० सिग्नल्स आली. तीही फौजी थाटाची, किंमत बरीच कमी, तिच्यावरही अनुक्रमांक, आणि वर ब्रेक लावल्यावर चाक घसरू न देणारी एबीएसची सोय, जी पेगॅससला नव्हती. पेगॅससवाले संतापले. साहजिकच होतं. अडीचशेजणांच्या पंगतीत बसल्याचा आनंद आचवायच्या आत मागून दुसरी पंगत बसली, आणि तिच्यात जिलेबी जास्त!

मी जळगावी भागाकार केला. २०१८ साली सोनं तोळ्याला एकतीस हजारांच्या आसपास. म्हणजे पेगॅसस आठ तोळ्यांची. २०२५ साली सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. म्हणजे तिनं सोन्याच्या बरोबरीनं चालायचं तर आठ लाखांच्या वर जायला हवं. आणि तिचं इंजिन, चाकं, चेन साध्या क्लासिक ५०० चीच. वेगळं काय? रंग, पट्टे, पिशव्या आणि आकडा. म्हणजे सराफाच्या भाषेत घडणावळ. लोखंडाची किंमत दरवर्षी उतरणार, आणि घडणावळ देणारा पुढं कोणी हौशी भेटला तर भेटला. कंपनीनं 'आम्ही एवढ्याच काढल्या' असं सांगून आलेली दुर्मीळता कंपनीच दुसरी गाडी काढून पातळ करू शकते. दाजींच्या राजदूतला ती भीती नाही. तिला पातळ करायला मागं कोणी उरलंच नाही.

पण म्हणून जुनी गाडी म्हणजे सोनं, असंही नाही. सोनं कपाटात ठेवलं तर ते निदान काही मागत नाही. जुन्या फटफटीला क्रँक लागतो, पिस्टन लागतो, आणि तो बसवणारा मिस्त्री लागतो. दाजींचा मिस्त्री आता सत्तरीचा. गाडीपेक्षा त्याच्याच तब्येतीची चौकशी दाजी जास्त करतात. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, वर पर्यावरण कर. २०२१ साली सरकारनं नियम केला, की पन्नास वर्षांपुढची मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल. शुल्क वीस हजार, पाटीवर 'व्हीए' अशी वेगळी अक्षरं. मात्र रोजच्या कामाला ती वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं यासाठीच बाहेर काढायची. दाजींची गाडी त्या मानाला २०३५ साली पोचेल. पेट्रोल भरायला जायची परवानगी असल्यामुळे तिचं तरी अडायचं नाही. ती एरवीही तेवढ्याचसाठी बाहेर पडते.

२०२५ च्या उन्हाळ्यात पुण्याचा एक गृहस्थ धुळ्याला आला. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, इंजिनचा नंबर पुसून वाचला आणि तीन लाख देऊ केले. दाजींचे दोन्ही गुडघे आता किक मारायच्या पलीकडे गेले आहेत. मुलगा परगावी, त्याला गाडीत रस नाही. दाजी गप्प बसून राहिले. मग आक्का बाहेर आली.

इथं एक सांगायला हवं. १९८७ च्या पावसाळ्यात जळगावला आमच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि एका रात्री शेजारच्यांकडे धुळ्याला फोन गेला. शेवटची एसटी निघून गेली होती. दाजींनी आक्काला मागं बसवलं आणि पारोळा, एरंडोल करीत नव्वदेक किलोमीटर भर पावसात दीड तासात गाठले. वडील पहाटे गेले. पण त्याआधी तासभर आक्काशी बोलले. काय बोलले ते तिनं आम्हा भावंडांना अजून सांगितलेलं नाही.

"विका ना," आक्का म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते? फक्त माझ्या पाटल्या आल्या पाहिजेत. चार तोळे. तशाच घाटाच्या."

पुण्याच्या गृहस्थानं हिशेब केला. चार तोळ्यांचेच चार लाखांच्या वर होत होते. "आणि घडणावळ वेगळी," आक्का म्हणाली. तो नमस्कार करून गेला.

त्यानंतर आणखी दोघं येऊन गेले. गाडीचा भाव प्रत्येक वेळी थोडा चढतो, पण सोनं त्याच्याही पुढं पळतं. आक्का रोज सकाळी वर्तमानपत्रात आधी सराफ बाजाराचा भाव बघते, चढला असेल तर समाधानानं मान हलवते, आणि मग जुन्या धोतराचं फडकं घेऊन गाडीवरची धूळ पुसायला अंगणात जाते.